खपली पडेपर्यंत

उल्का टिपणीस यांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, दंड राहत. रुग्णालयाच्या जिन्यात कोणी "नमस्ते सिस्टर" म्हणालं की त्या क्षणभर गोंधळून बघत. मग तो माणूस हसून बाही जराशी वर सरकवी आणि उल्काताईंना एकदम ओळख पटे. हां, हा एक्स-रेवाला. याचा फोड उशिरा पिकला होता, आणि उशीला डाग लागला म्हणून बायकोने गच्चीवर नेऊन उशीच जाळली होती.

त्या वर्षी त्यांचं कामच तसं होतं. दोन हजार तीन साल. देवीचा रोग जगातून नाहीसा होऊन पंचवीसेक वर्षं झाली होती, पण कुठेतरी कोणीतरी तो विषाणू बाटलीत जपून ठेवला असेल आणि उद्या हत्यार म्हणून गर्दीत सोडेल, अशी धास्ती त्या दिवसांत भल्याभल्यांना बसली होती. धास्ती खरी की खोटी हे उल्काताईंना कोणी विचारलं नाही आणि त्यांनीही कोणाला विचारलं नाही. वरून ठरलं, की दिल्लीतल्या काही रुग्णालयांतल्या निवडक लोकांना आधीच लस टोचून ठेवायची. डॉक्टर, नर्सा, वॉर्डबॉय, ॲम्ब्युलन्सचे ड्रायव्हर, धोबी. उद्या खरोखर देवीचा रोगी आलाच, तर त्याच्याजवळ जायला निदान ही माणसं तयार असतील. टोचण्याचं काम मिनिटभराचं. खरं काम त्यानंतर सुरू होई.

कारण ही लस मेलेली नव्हे, जिवंत. देवीच्याच एका सौम्य चुलत भावाची. दंडावर दुतोंडी सुईने टोचली की तिथे फोड येतो, पिकतो, त्यावर खपली धरते, आणि ती खपली आपणहून पडेपर्यंत त्या जागेत जीव असतो. तिथे लागलेलं बोट डोळ्याला गेलं तर लस डोळ्यात रुजते, दुसऱ्याच्या अंगाला लागलं तर तिथे. धडधाकट माणसाचं फारसं बिघडत नाही. पण तान्ही मुलं, गरोदर बायका आणि ज्यांच्या कातडीला इसब आहे असे लोक यांना ती महागात पडते, क्वचित जिवावरही बेतते. म्हणून टोचलेल्या प्रत्येकावर खपली पडेपर्यंत कोणीतरी नजर ठेवायला हवी. ते कोणीतरी म्हणजे उल्काताई.

मुनिरकाच्या अलीकडे एका सरकारी इमारतीच्या मागच्या अंगाला त्यांना एक टेबल, एक फोन आणि डॉ. भार्गव नावाचे एक साहेब मिळाले होते. साहेब बरे होते. सकाळी फोन, दुपारी फेरी. ताप आहे? काखेत गाठ? डोळा लाल? टॉवेल वेगळा ठेवलाय? पट्टी रोज बदलता, आणि काढलेली कुठे टाकता? घरी लहान मूल आहे? आणि समोर गेल्या की पहिलं वाक्य ठरलेलं: "बाजू दिखाइए," दंड दाखवा. त्यावरून त्यांचं नावच बाजूवाली सिस्टर पडलं होतं. ते कानावर आलं तेव्हा त्यांनी मान हलवली, इतकंच.

त्या कोणावर रागावत नसत. हा चांगुलपणा नव्हता, धंद्याचं शहाणपण होतं. रागावलं की माणूस खोटं बोलतो, आणि खोटं बोलला की पुढचा माणूस आजारी पडतो. एका ड्रायव्हरने पट्टी काढून पोराला फोड दाखवला होता, कारण पोराला बघायचा होता. उल्काताईंनी शांतपणे विचारलं, त्याने हात लावला का. लावला, म्हणाला. मग हात धुतले का. मग रोज त्या पोराची चौकशी. घाबरलेल्या माणसाला सांगायचं एक वाक्यही त्यांच्याकडे होतं: "ज़्यादातर कुछ नहीं होता." ते खरंच होतं. बहुतेकांना काही होत नसे, आणि त्या पोरालाही झालं नाही.

उल्काताईंचा जन्म पहाडगंजातला. वडील सरकारी नोकरीत होते, रत्नागिरीकडून आले आणि दिल्लीचेच झाले. मुलगी हिंदूराव या मराठा सरदाराच्या नावाच्या रुग्णालयात नर्सिंग शिकायला निघाली तेव्हा आईने डोळ्याला पदर लावला, पण वडील म्हणाले, जाऊ दे, दवाखान्याचं नाव तरी आपल्या माणसाचं आहे. शिकून होतं न होतं तोच देवीचा नायनाट करण्याची मोहीम आली आणि त्यांना बिहारात पाठवलं. हातात देवी आलेल्या मुलाचं चित्र घेऊन दारोदार विचारत फिरायचं, असं मूल पाहिलंत का. लोक माताजी आली म्हणून दाराला कडुनिंब बांधत आणि आजाऱ्याला आत लपवत. तिथेच त्या दोन गोष्टी शिकल्या, न रागावता विचारायला आणि उत्तर आलं तरी घरात डोकावायला. तीसेक वर्षांनी, निवृत्ती तोंडावर आली असताना, तोच रोग कागदावरून परत आला, आणि देवी डोळ्यांनी पाहिलेली नर्स म्हणून साहेबांनी त्यांना शोधून काढलं.

घर आता द्वारकेत होतं. यजमान सुधाकरराव रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर सरकारी क्वार्टरमध्ये काढून शेवटी सोसायटीत फ्लॅट मिळाला, तेव्हा भोवती धूळ, टँकर आणि डोक्यावरून जाणारी विमानं एवढीच वस्ती होती. एकुलता एक मानस गुडगावात एका परदेशी कंपनीत होता. सून रुचिरा पुण्याची, तीही तिथेच सॉफ्टवेअर तपासायच्या कामावर. लग्न त्या दोघांनी आपसांत ठरवलं होतं. सासू-सुनेत भांडण कधी झालं नाही, पण गट्टीही जमली नव्हती. उल्काताईंना लाडाने बोलता येत नसे आणि रुचिराला उगाच बोलता येत नसे. फेब्रुवारीत अवनी झाली, तेव्हा दोघींना बोलायला विषय मिळाला. अवनीच्या कोपरांच्या वळीत आणि गालावर लालसर चट्टे उठत. डॉक्टरांनी इसब सांगितलं. वय वाढलं की जातं, म्हणाले.

खरं तर उल्काताईंना लस घ्यायची गरज नव्हती. वय झालंय, दोनदा टोचून झालीय, कशाला, असं भार्गवसाहेब म्हणाले. पण आपण लोकांचे दंड मागायचे आणि आपला मात्र झाकून बसायचं, हे त्यांना पटेना. दसरा झाला आणि त्यांनी टोचून घेतली. घरी लहान मूल आहे का, या प्रश्नाला नाही म्हणून सांगितलं, आणि ते खरंच होतं. अवनी गुडगावला राहत होती. दिवाळीपर्यंत खपली पडेल हा त्यांचा अंदाज. शेकडो दंड पाहिलेल्या बाईचा अंदाज, सहसा चुकत नसे. या वेळी चुकला. उतारवयाची कातडी, खपली काही सुटेना. आणि आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही. सगळ्यांना रोज फोन जाई, त्यांना कोणाचाच जात नसे. फोन करणाऱ्या त्याच. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

त्यांनी रुचिराला स्पष्ट कळवलं. खपली अजून आहे, मी अवनीला घेणार नाही, तिच्या कपड्यांना हात लावणार नाही, पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घालून लांब बसेन. हवं तर या वर्षी येऊ नका. हे शेवटचं वाक्य त्यांनी जरा हळू उच्चारलं. नातीची पहिली दिवाळी होती. नियमात बसवून घेतलेला मोह होता तो, आणि नियमात बसल्यामुळे तो मोह आहे हे त्यांना दिसलं नाही. रुचिरा म्हणाली, येतो की, तुम्ही एवढी काळजी घेताय तर काय होणार आहे.

ते आले. उल्काताई ठरल्याप्रमाणे लांब बसल्या. अवनी रांगत त्यांच्याकडे निघाली की सुधाकरराव तिला मधूनच उचलून नेत, आणि तिला तो खेळच वाटायचा. उल्काताई खुर्चीतून बघत राहत. हसत, पण हात मांडीखाली धरलेले असत.

नरकचतुर्दशीला पहाटे उठायचं हा नेम टिपणिसांनी दिल्लीतही सोडला नव्हता. कारीट इथे मिळत नाही, म्हणून सुधाकरराव दरवर्षी मंडईतून हरियाणवी कचरी, तसलंच छोटं रानफळ, आणत आणि तीच अंगठ्याने फोडत. नरकासुराने आजवर तक्रार केली नव्हती. तेल कोमट करायचं, एकेकाला पाटावर बसवून चोळायचं, मग उटणं. मानसला उटणं हा शब्द कधी सापडत नसे, तो उबटनच म्हणे. इतकी वर्षं हे चोळणं उल्काताईंचं काम. आधी नवरा, मग मुलगा, आणि सगळ्यांच्या आंघोळी उरकल्या की उरलेलं तेल आपल्या हातापायांना फासून आपली आंघोळ. घरोघरच्या बायकांचं असंच असतं, त्याचं कोणाला काही वाटत नाही.

या वर्षी वाटी रुचिराने घेतली. सुधाकरराव लाजून आपलं आपण लावतो म्हणाले. मानसला तिने लावलं. अवनी अजून झोपली होती. तेव्हा रुचिरा वळून म्हणाली, "आई, बसा तुम्ही."

"मला कशाला?"

"तुम्हाला कोणी लावतं का कधी?"

उल्काताई पाटावर बसल्या. आई गेल्यापासून त्यांच्या पाठीला कोणी तेल लावलं नव्हतं. एवढंच म्हणाल्या, की डाव्या दंडाला हात लावू नकोस, पट्टी आहे. रुचिरा म्हणाली, माहीत आहे, आणि खरंच तिने तो दंड टाळला. पाठीवर कोमट तेल ओतलं, तळव्याने खांद्यांच्या मधोमध चोळलं, मानेवर अंगठे फिरवले. आपला हात जिथे पोचत नाही तिथे दुसऱ्याचा हात फिरला की माणसाचं काय होतं, हे उल्काताई विसरूनच गेल्या होत्या. त्यांनी डोळे मिटून घेतले. डोळ्यांतून पाणी येऊ लागलं, ते रुचिराला दिसलं आणि ती चोळत राहिली. दोघींमध्ये त्या घटकेला जे होतं ते आजवर कधी नव्हतं.

मग उल्काताई न्हाणीघरात गेल्या. आंघोळ झाल्यावर नियमाप्रमाणे पट्टी बदलायला घेतली. चिकटपट्टीची वरची कड सुटून गुंडाळली गेली होती आणि परत दाबून बसवलेली होती. आतल्या कापडाला तेल मुरलं होतं. खपलीचा एक कोपरा जागेवर नव्हता.

कड त्यांनी दाबलेली नव्हती.

त्या तशाच ओल्या केसांनी बाहेर आल्या. अवनी उठली होती. रुचिरा पाटावर पाय लांब करून बसली होती, पोटऱ्यांवर उघडी अवनी, बाजूला तीच वाटी. गाल, मान, कोपरांच्या वळी, सगळं तेलाने चमकत होतं आणि पोर खिदळत होती.

"थांब," उल्काताई म्हणाल्या. "माझ्या पट्टीला हात लावलास का?"

"सुटत होती, मी दाबून बसवली. का?"

चूक असती तर रागावता आलं असतं. पट्टी सुटली तर सासूबाईंना त्रास होईल म्हणून तिने ती काळजीने बसवली होती, आणि डोळे मिटलेल्या बाईला उठवायचं कशाला म्हणून बोलली नव्हती. तेलाने चिकटपट्टी सुटते ही काही गुपित गोष्ट नाही. उल्काताईंना ती ठाऊक होती. टॉवेलबद्दल, उशीबद्दल, पोराबाळांबद्दल त्यांनी शेकडो जणांना विचारलं होतं. तुम्ही कोणाला हात लावता, हे विचारलं होतं. तुम्हाला कोणी हात लावेल, हे कोणाला विचारायचं त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं.

त्यांनी सगळं सांगितलं. फोनवर बोलत तशाच आवाजात. वाटी बाजूला ठेव, तुझे हात साबणाने धू, मग तिला धू, साबण हळू लाव, चट्ट्यांवर घासू नकोस. रुचिराने सांगितलं तसं केलं. पुसून झाल्यावर अवनीला छातीशी धरून तिने विचारलं, "काय होईल हिला?"

"बहुधा काही होणार नाही."

"बहुधा?" रुचिरा म्हणाली.

उल्काताईंनी हा शब्द इतक्या लोकांना दिला होता, आणि सगळ्यांनी तो घेतला होता. परत केला तो हिनेच.

फराळाची ताटं तशीच राहिली. दुपारी मंडळी गुडगावला गेली. उल्काताईंनी भार्गवसाहेबांना घरी फोन करून आपलंच नाव सांगितलं. साहेब दिवाळीच्या गडबडीत होते. म्हणाले, अजून काही झालेलं नाही, काही दिवस बघू, मग कळवू. उल्काताई म्हणाल्या, बाकीच्यांचं मी त्याच दिवशी कळवते. साहेबांनी मग हो म्हटलं आणि औषधाच्या साठ्यावरच्या माणसालाही कळवून ठेवलं. त्या लसीवर उतारा म्हणून एक इंजेक्शन असतं. ते मोजकंच होतं, आणि लवकर दिलं तरच त्याचा उपयोग.

रात्री जेवताना सुधाकरराव म्हणाले, "अगं, यात चूक कोणाचीच नाही."

"हे मी लोकांना फोनवर सांगते," उल्काताई म्हणाल्या.

पुढचे दिवस त्या रोज गुडगावला फोन करत. रुचिरा फोन घेत नसे, मानस घेई. ताप? नाही. डोळे? ठीक. अंगावर काही? नाही, आई. कुठे खपली? म्हणजे पपड़ी? आपल्या मुलाला खपली हा शब्द येत नाही हे त्यांना अशा वेळी कळत होतं. पाडव्यानंतर त्यांच्या दंडाची उरलेली खपली पडली. ती त्यांनी चिमट्याने उचलून पिशवीत बांधली. इतक्या दिवसांची वाट संपली होती आणि त्याचा आता काही उपयोग नव्हता.

मग एका सकाळी फोन वाजला, तो रुचिराचा. आवाज सपाट होता.

"आई, कोपराच्या वळीत फोड आलेत. गालावर एक. मध्ये खड्डा आहे, तुमच्या त्या देवी आलेल्या मुलाच्या चित्रात आहे तसा."

पुढचं सगळं भराभर झालं. गुडगावातल्या एका खाजगी रुग्णालयात अवनीला वेगळ्या खोलीत ठेवलं. भार्गवसाहेबांनी आधीच कळवून ठेवलेलं असल्यामुळे इंजेक्शन दुपारपर्यंत पोचलं. तिथल्या डॉक्टरांनी पुस्तकं काढून वाचली, त्यांचाही दोष नव्हता, असला आजार त्यांच्या पिढीने पाहिलाच नव्हता. संध्याकाळपर्यंत फोड मानेपर्यंत पसरले. अवनीला ताप चढला. रडून रडून तिचा आवाज बसला.

आणि मग एक अडचण उभी राहिली, उल्काताईंनीच लिहिलेल्या नियमाची. अशा रोग्याची मलमपट्टी ताजी लस घेतलेल्या माणसानेच करायची. तिथल्या नर्सा सगळ्या विशी-बाविशीच्या, केरळच्या आणि मणिपूरच्या पोरी, लस बंद झाल्यावर जन्मलेल्या. त्यांचे दंड कोरे होते. त्यातली एक तर गरोदर. दिल्लीहून कोणाला पाठवायचं तर रोजची ये-जा कोणी करायची? भार्गवसाहेबांनी फोनवर म्हटलं, "सिस्टर, आप ही हैं." ज्या हाताने आणलं त्याच हाताला आता तिच्याजवळ जायची परवानगी होती.

उल्काताई पिशवी घेऊन पोचल्या. खोलीच्या दारात रुचिरा उभी होती. दोन रात्री झोपलेली नव्हती. मानस मागून म्हणाला, आई आली आहे. रुचिरा बाजूला झाली नाही.

"आधी दंड दाखवा," ती म्हणाली.

मानस काही बोलणार होता, उल्काताईंनी त्याला हाताने थांबवलं. पिशवी खाली ठेवली. पदराची पिन काढली आणि बाही वर केली. रुचिराने त्यांना खिडकीकडे वळवलं आणि वाकून बघितलं. घाई केली नाही. लहानपणच्या पांढऱ्या वणाशेजारी नवा वण होता, गुलाबी, कोरडा. तिने त्याच्या कडेवर बोट फिरवलं, बोट उजेडात धरून पाहिलं. उल्काताईंनी आयुष्यभर पाहिले तसा तिने तो दंड पाहिला. त्यात अपमान करायचा हेतू नव्हता, आणि हे उल्काताईंइतकं कोणाला कळलं नसतं. मग रुचिरा दारातून सरकली.

त्या रोज जात राहिल्या. द्वारकेहून रिक्षा, पुढे बस, मग हायवेवरून चालत. ओलं कापड फोडांवरून सोडवताना अवनी किंचाळे आणि आजीकडे बघून अंग चोरून घेई. पुढे पुढे नुसतं अंग चोरी, रडत नसे. रुचिरा पाय धरून बसे. दोघी मुलीबद्दल बोलत, हे सुकलं, हे अजून ओलं आहे, एवढंच. ताप उतरला. पुन्हा इंजेक्शन द्यावं लागलं. हळूहळू खपल्या धरल्या, आणि एकेक करून पडल्या. अवनी घरी गेली तेव्हा कोपरांत आणि हनुवटीच्या कडेला बारीक खोल वण होते. जीव वाचला होता. डोळे वाचले होते.

कामावर परतल्यावर उल्काताईंनी आपल्या प्रश्नांत एकाची भर घातली. तुम्हाला घरात कोण हात लावतं? तेल कोण लावतं, मालिश कोण करतं, डोकं कोण चेपतं? लोक आधी हसत. मग एकेक सांगत. रोहतकच्या ड्रायव्हरची आई त्याचे खांदे चोळत असे. एका डॉक्टरणीचे केस तिची लेक विंचरे. आणि बऱ्याच बायका थोडा विचार करून सांगत, "कोई नहीं." उल्काताई तेही ऐकून घेत आणि पुढच्या प्रश्नाकडे वळत.

पुढच्या वर्षी कार्यक्रम गुंडाळला गेला. देवी आली नाही. उल्काताई निवृत्त झाल्या, शाल-नारळ मिळाला, साहेबांनी चार शब्द बरे सांगितले. त्यांच्या हातून झालेल्या गोष्टीचा उल्लेख कोणी केला नाही, पण खोलीतल्या सगळ्यांना ती माहीत होती.

दिवाळीला मानस, रुचिरा आणि अवनी आले. येतील की नाही याची सुधाकररावांना शंका होती. पोर आता धावत होती. पहाटे दिवे लागले, कचरी फुटली, तेल कोमट झालं. रुचिरा वाटी हातात घेऊन क्षणभर उभी राहिली. मग उल्काताईंजवळ आली. उल्काताईंनी आपणहून बाही वर केली. वण आता पांढरा पडला होता, दुसऱ्यासारखाच. रुचिराने बघितलं. दुधाने तोंड पोळलेल्या माणसाला ताक फुंकू नकोस असं कोणी म्हणू नये. मग तिने वाटी त्यांच्या हातात दिली.

उल्काताईंनी अवनीला पायांवर घेतलं. कपाळ, गाल, हनुवटीकडचा वण, कोपरांतले वण, सगळ्यांवरून सावकाश तेल फिरवलं. अवनी त्यांच्या बांगड्या ओढत होती. तिला यातलं काही आठवत नव्हतं. मानस फुलबाजी लावून दारात उभा राहिला. रुचिरा बाजूला बसून शेवटपर्यंत बघत होती.

सगळ्यांच्या आंघोळी झाल्या. वाटीत थोडं तेल उरलं होतं. रुचिराने वाटीकडे पाहिलं, उल्काताईंकडे पाहिलं. तिचा हात उचलला गेला होता. मग ती अवनीला कपडे घालायला आत निघून गेली.

उल्काताईंनी वाटी न्हाणीघरात नेली आणि दार लावलं. हातांना लावलं, पायांना लावलं, दंडांना लावलं. मग हात मागे नेऊन पाहिला. खांद्यापर्यंत पोचला. त्यापलीकडे पोचत नव्हता, तेव्हा तेवढं राहू दिलं आणि पाणी घेतलं.